तपाच्या दिवशी पेटलेली भट्टी

भाद्रपदात आमच्या घरातला एक आवाज बंद व्हायचा. एरवी सकाळची पूजा आटोपून आण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानात शिरले की भट्टीच्या पंख्याचं बटण दाबायचे, आणि तो घरघराट मधल्या भिंतीतून थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आई त्याच घरघराटावर कणीक मळायची, मी त्याच घरघराटावर पाढे म्हणायची. पुढं दुकान, मागं घर, आणि परसात शेवग्याचं एक झाड, असा सगळा आमचा पसारा सांगलीत विश्रामबागेकडं जाणाऱ्या रस्त्यावर होता. तेव्हा तो भाग इतका गजबजलेला नव्हता. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे आणि दारात गाडी लावायला जागा नाही. मी गेल्या वर्षी त्या दुकानात उगाच शिरून फोनचं कव्हर विकत घेतलं. भट्टी होती त्या जागी काच आहे आणि काचेवर एका हसऱ्या मुलीचा फोटो आहे.

आण्णांचं काम फुटलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सांधायचं. तासगावकडून ट्रॅक्टरचे भाग यायचे, गुऱ्हाळातल्या चरकाची चाकं यायची, पंपांची घरं यायची. वेल्डिंगवाले गावात खंडीभर होते, पण बीड हातात घेताना त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. "लोखंड वाकतं, बीड तुटतं," आण्णा म्हणायचे. बिडाला नुसता तडा गेलेल्या जागी जाळ देऊन भागत नाही. अख्खा तुकडा विटांच्या भट्टीत घालून लाल होईस्तोवर तापवायचा, मग तड्यात बिडाचीच कांडी वितळवून भरायची, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, तो तसाच राखेत आणि चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवायचा. गार व्हायला त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा. घाई करून उघडलं, वारा लागला, की कडकन आवाज येतो आणि तडा पुन्हा पहिल्यासारखा. माणसांच्या बाबतीत आण्णा इतके धीराचे नव्हते. चहाला उशीर झाला तर पाचदा डोकावायचे.

आम्ही जैन. आमचं दशलक्षण पर्व भाद्रपदात दहा दिवस चालतं, आणि त्या दिवसांत घराचं सगळंच बदलायचं. हिरवी भाजी बंद. मुगाची आमटी, भात, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तेही दिवस मावळायच्या आत. पाणी गाळून, तापवून, पितळी घागरीत. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, अभिषेक आणि दुपारी बायकांचं भजन. प्रत्येक दिवसाला एक धर्म असतो: क्षमेचा दिवस, सत्याचा दिवस, तपाचा दिवस. मोठी आग पेटवायची तर तिच्यात किती जीव जातात याचा हिशेब नको म्हणून आण्णा पर्वात होता होईल तो भट्टी टाळायचे. नडलंच तर मधे एखादा दिवस पेटवायचे आणि प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी एक वेळ जेवायचे. पण मी सांगते आहे त्या वर्षी त्यांनी बस्तीत उपाध्यांच्या समोर हात जोडून नियमच घेतला. "पद्माचा उपवास चालू हाय तोवर भट्टीला काडी लावनार न्हाई."

पद्मा म्हणजे मी. मी नववीत होते आणि दहा दिवसांचा उपवास धरला होता. दिवसातून एकदा तापवलेलं पाणी, बाकी काही नाही. उपवास धरण्यामागं माझ्या मनात फार मोठं वैराग्य होतं असं कुणी समजू नये. आदल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलीनं केला होता आणि तिला फुलांनी सजवलेल्या जीपमधून बँड लावून मिरवलं होतं. ती जीप माझ्या डोक्यात बसली होती. आईनं माझ्यासाठी पिवळी इरकल आणून ट्रंकेत ठेवली होती, आणि मी रोज दुपारी ट्रंक उघडून तिच्यावरून हात फिरवत होते. ह्यालाच कुणी भक्ती म्हणत असेल तर म्हणो.

आईच्या मनात मात्र जीप नव्हती. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. तो तान्हा असताना आजारी पडला तेव्हा आईनं त्याच्यासाठी हाच दहा दिवसांचा उपवास धरला. सातव्या दिवशी, तपाच्याच दिवशी, तिला घेरी आली आणि त्या दिवसाचं पाणी आधीच झालेलं असताना आण्णांनी तिच्या तोंडात बळंच पाणी ओतलं. उपवास मोडला. दिवाळीच्या आत बाळ गेलं. ह्या दोन्ही घटना एकापुढं एक लावून बस्तीतल्या बायकांनी गोष्ट तयार केली होती, आणि मी ती परकरात होते तेव्हापासून ऐकत आले होते. "नवऱ्यानं पाणी पाजलं आन् घात झाला." आण्णांच्या समोरसुद्धा हे कुणी ना कुणी बोलायचं. आण्णा मान खाली घालायचे, टोपी नीट करायचे आणि दुकानात जायचे. मी उपवास धरते म्हटल्यावर आईनं मला जवळ घेतलं नाही की शाबासकी दिली नाही. ती फक्त म्हणाली, "माझं अर्धं ऱ्हायलंय. तू पुरं कर." आता कळतं की एवढं ओझं कुणी नववीतल्या पोरीच्या खांद्यावर ठेवू नये. तेव्हा मला ते भूषण वाटलं.

सातवा दिवस उजाडला. मी माजघरात चटईवर पडून होते. पहिले दोन-तीन दिवस भूक कडकडून लागली, मग ती कुठं तरी गेली, आणि आदल्या दिवसापासून पुन्हा आली ती वेगळंच रूप घेऊन. मला शेजारच्या घरातली फोडणी वासावरून ओळखू यायला लागली. जिरं किती करपलं हेसुद्धा सांगता आलं असतं. तेवढ्यात दुकानासमोर हातगाडी थांबल्याचा आवाज आला आणि एक भरदार आवाज म्हणाला, "राम राम मिस्त्री!"

मधल्या दाराच्या फटीतून मला दुकान दिसायचं. खाकी जर्सी घातलेला, ताठ पाठीचा, भरघोस पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता आणि हमाल पोत्यात गुंडाळलेलं इंजिनाचं धूड उतरवत होते. यष्टीच्या टपावरून ते कराडमार्गे आलं होतं. हा माणूस कोयना धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका गावचा, सातारा जिल्ह्यातला. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आणि आता गावची लाँच चालवणारा. पुढं आमच्या घरात त्याचं नाव हवालदारमामाच पडलं, म्हणून मी तेच लिहिते.

त्याची लाँच पाण्यात बुडालेल्या कुठल्याशा जुन्या झाडाच्या बुंध्याला घासली होती. इंजिन ज्या चार पायांवर बसतं त्यातला एक पाय चिरला होता, आणि चीर पायापासून इंजिनाच्या अंगापर्यंत चढली होती. कराडात कुणी तरी विजेचं वेल्डिंग मारून दिलं. मामानं हौसेनं इंजिन बसवलं, लाँच पाण्याच्या मध्यापर्यंत नेली, आणि तिथं तो पाय वेल्डिंगच्या शेजारूनच पुन्हा तुटला.

आण्णांनी बोटानं चीर चाचपली. "काम हुईल. पर तुमी चुकीच्या दिसांत आला. पर्व चाललंय. भट्टी बंद हाय."

"कवा पेटायची?"

"चतुर्दशी झाली की. माझ्या पोरीचा उपवास हाय. तो सुटंस्तोवर न्हाई."

मामा खाली बसला. ताठ पाठीचा माणूस असा अचानक वाकून बसला की बरं दिसत नाही. मग तो बोलायला लागला. त्याची लेक शैला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. दवाखाना पाण्याच्या अलीकडं, ती पलीकडं. "सासरी कराडात हुती वो ती. दवाखान्याच्या दारात घर. पयलं बाळंतपण म्हायेरी झालं पायजे म्हणून मीच हट्ट केला. जावई न्हाई म्हणत हुता. मीच आनली तिला."

"मग वल्ह्याच्या होडीनं अलीकडं आना की," आण्णा म्हणाले.

"आनत हुतो. परवाच्या दिशी निम्म्यात वारं उठलं, होडीत पानी आलं. कशीबशी माघारी फिरवली. आता ती होडीत पाय ठेवत न्हाई, आन् मला ठेवू द्यायचं धाडस न्हाई. पलटनीत मी कशाला भ्यालो न्हाई मिस्त्री. आता रोज सकाळी उठून तिच्या तोंडाकडं बघतोय, आज कळा तर सुरू न्हाई झाल्या."

आण्णांच्या हाताखाली गौसभाई म्हणून मिरजेचा कारागीर होता. तो कोपऱ्यातून म्हणाला, "आण्णा, तुमी घरात बसा. मी पेटवतो. तुमचा हात लागायचा न्हाई." मला वाटलं सुटलं. पण आण्णांनी मान हलवली. आमच्यात पाप तिन्ही वाटांनी येतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि करणाऱ्याला बरं म्हणणं. तिन्हींचं वजन सारखंच. "तू पेटवलीस तरी ती माझीच," आण्णा म्हणाले. मग त्यांनी त्या पायाची रुंदी बोटांनी मोजली आणि म्हणाले, "पट्टी मारतो. भोकं पाडून, बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आवळतो. जाळ लागत न्हाई त्याला."

"टिकंल?"

आण्णा एरवी प्रत्येक कामाची हमी द्यायचे, मागितली नाही तरी द्यायचे. त्या दिवशी त्यांनी ड्रिल उचललं आणि म्हणाले, "इंजिन हळू चालवा."

बिडात भोक पाडतानाचा आवाज लोखंडासारखा किणकिणत नाही. करकर करत काळी भुकटी पडते. मी पडल्या पडल्या तो आवाज ऐकत होते आणि मला एवढं तर नक्की कळत होतं की हे काम आण्णांना पसंत नाही. माझ्यासाठी ते वाईट काम करत होते. पट्टी सुटली तर ती पाण्याच्या मध्यावर सुटणार होती, आणि त्या वेळी लाँचमध्ये कोण असणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी सगळं ठाऊक असून प्रत्येक जण आपापल्या नियमाला धरून बसला होता. मामा माहेरच्या रीतीला, आण्णा नियमाला, आई अर्ध्या राहिलेल्या उपवासाला, आणि मी जीपला.

आईनं पाहुण्याला पान वाढायची तयारी केली. मामा म्हणाला, "नगं वैनी, शिदोरी हाय माझ्यासंगं." त्यानं परसदारी फडकं सोडलं. नाचणीच्या काळ्या भाकरी आणि लसणाचा ठेचा. आमच्या घरात कांदा-लसूण कधी आलाच नव्हता, तो वास भिंतींना नवीन होता. आईनं पदर नाकाला लावला. मामाच्या ते लक्षात आलं, तो बिचारा ओशाळला, आणि शिदोरी उचलून लांब शेवग्याखाली दगडावर जाऊन बसला. दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच दुकानातून आण्णांनी हाक मारली, भोकांची जागा बघून घ्यायला. शिदोरी तशीच उघडी ठेवून तो आत गेला.

मी उठले. भिंत धरून परसात गेले. दगडाशी बसले आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून, ठेच्यात बुडवून तोंडात घातला. पाणी प्याले असते, गुळाचा खडा खाल्ला असता, तर घरातल्या घरात झाकता आलं असतं. उपाध्यांनी काही तरी प्रायश्चित्त सांगून उपवास पुढं चालू ठेवला असता. लसणाला झाकण नसतं. तो तोंडात गेला की गल्लीभर होतो. मी हे सगळं विचार करून केलं, असं पुढं लोक म्हणायला लागले. विचार होता, नव्हता असं नाही. पण पहिला घास गिळल्यावर मी थांबायला हवं होतं. उपवास मोडायला एक घास पुरे होता. मी ती भाकरी संपवली, आणि दुसरीला हात घातला.

मान वर केली तेव्हा आई मागच्या दारात उभी होती. हातात ताट होतं. ती ओरडली नाही. "पद्मे," एवढंच म्हणाली, आणि ताट खाली ठेवून आत गेली. मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, शाळेत नोकरी करताना संस्थेच्या लोकांच्या आणि लग्नानंतर सासूच्या, पण त्या एका हाकेनं जेवढं मला खाली बसवलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही.

दुकानात जाऊन मी म्हटलं, "आण्णा, माझा उपवास मोडला. भट्टी पेटवा."

ड्रिल थांबलं. वासानंच त्यांना सगळं कळलं. मामा माझ्या तोंडाकडं, मग आपल्या हाताकडं बघायला लागला. "आगं बाळ, काय केलंस हे? माझ्या भाकरीनं..." आण्णांनी माझ्या खांद्यावरून मागं घराकडं बघितलं, आईला शोधत. मग टोपी काढून खुंटीला अडकवली. "गौस, कोळसा काढ."

पुढचं मला उंबऱ्यात बसून दिसत होतं. इंजिनाचं धूड विटांच्या मधे बसवलं, भोवती कोळसा रचला, आणि बंद पडलेला घरघराट पुन्हा सुरू झाला. दुपारभर ते तापत होतं. आधी काळं, मग करडं, मग भर उन्हातसुद्धा कळेल इतकं लाल. आण्णांनी कांडी धरली आणि पायापासून अंगापर्यंतची चीर भरत नेली. त्या वेळात ते कुणाशी बोलत नसत, पाणीही पीत नसत. चीर भरून झाली तेव्हा लक्षात आलं की पुरायला राख कमी आहे. पर्वाआधी भट्टी झाडून लोटून घेतली होती, सगळी राख परड्यात टाकून दिली होती. चुना घातला तरी वरचा भाग उघडा पडत होता, आणि आभाळ भरून वारं सुटलेलं. गौसभाई शेजारच्या हॉटेलात राख मागायला धावला.

त्याच्या आधी आई आली. ती दुकानात कधी यायची नाही. भांडी घासायला म्हणून चुलीची राख चाळून ती डब्यात साठवून ठेवायची. तो तेलाचा मोठा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती आली, माझ्याकडं न बघता पुढं झाली, आणि लाल तुकड्यावर हळूहळू राख ओतली. रिकामा डबा तिनं उपडा करून थोपटला. मग पदरानं तोंड पुसून घरात गेली.

मामा त्या ढिगाशी पहाऱ्याला बसल्यासारखा बसला. मधून मधून तळहात राखेजवळ न्यायचा. आण्णा दटावायचे, "हात न्हाई लावायचा. त्याला वाटंल तवा ते गार हुईल." दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ढीग उकरला. आण्णांनी लहान हातोडीनं पायावर टिचकी मारली. फुटकं बीड बद्द वाजतं. हे देवळातल्या घंटेसारखं वाजलं, आणि मामानं आण्णांचे पाय धरले.

पर्व संपलं. मिरवणूक दुसऱ्या मुलीची निघाली. ट्रंकेतली इरकल ट्रंकेतच राहिली. बस्तीत आधी बायका म्हणाल्या, "आईच्या वळणावर गेली." मग खरी हकीकत पसरली आणि त्याच बायका माझ्या गालावरून हात फिरवायला लागल्या. उपाध्यांनी प्रवचनात माझं नाव न घेता माझी गोष्ट सांगितली. मी ऐकत बसले आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं, कारण त्या गोष्टीत दुसरी भाकरी नव्हती.

नवरात्र उलटल्यावर हवालदारमामा आला. नाचणीचं पोतं, पेढे, आणि बाटलीभर डोंगरी मध. जैन मध खात नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आईनं ती बाटली दोन्ही हातांनी घेतली. लेकीला मुलगी झाली होती. "लाँचमधनं अशी नेली, पोटातलं पानी हलू दिलं न्हाई," तो सांगत होता. "आन् पोरगी कसली आळशी! आज येती, उद्या येती, करत बसली. चतुर्दशी झाली, पितरं आली, पितरं माघारी गेली, तवा कुठं आली." तो पोट धरून हसला. आण्णाही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर माझ्यावर आली, आणि त्यांचं हसू थांबलं.

मी हिशेब करत होते. चतुर्दशीनंतर कितीतरी दिवस. म्हणजे माझं पारणं झालं असतं, जीप निघाली असती, भट्टी तेव्हा पेटली असती, पाय सावकाश गार झाला असता, तरी चाललं असतं. आईचं अर्धं राहिलेलं पुरं झालं असतं. कुणाचं काहीच बिघडलं नसतं.

मामा गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई मधाची बाटली फडताळात वरच्या फळीवर ठेवत होती. "आई, थांबले असते तरी चाललं असतं," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "आणि मी त्यांच्या लेकीसाठी खाल्लं असं सगळे म्हणतात. तसं न्हाई. मला भूक लागली हुती."

आई वळली. "लय लागली हुती?"

"लय."

ती पाटावर बसली. मलाही हाताला धरून बसवलं. "मला तहान लागली हुती," ती म्हणाली. मला आधी कळेना ती कशाबद्दल बोलते आहे. "तुझ्या आण्णांनी न्हाई पाजलं मला पानी. मला घेरीबिरी काय आली नव्हती. मी घागरीपाशी गेले, तांब्या बुडवला आन् प्याले. पोटभर प्याले. दुसरा तांब्या भरत हुते तवा हे दारात आले. मागनं बायका भजनाला येत हुत्या. ह्यांनी तांब्या माझ्या हातातनं काढून घेतला, आन् बायकांना सांगितलं, मी पाजलं म्हणून."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"त्या दिवशी लाज वाटली. मग बाळ गेलं. त्याच्यावर कसं बोलणार हुते?" तिनं पदराच्या टोकानं पाट पुसला, तो स्वच्छच होता. "क्षमावाणीला दर वर्साला ह्यांच्या पाया पडते. उत्तम क्षमा म्हणते. हे इचारतात, कशाबद्दल?"

क्षमावाणी आमची पर्व संपल्यावर येते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्या प्रत्येकाची त्या दिवशी क्षमा मागायची. हल्ली ती फोनवर मागतात. फुलांचं चित्र, जोडलेले हात, आणि तोच मजकूर एकदम दोनशे जणांना. मीही पाठवते, खोटं कशाला बोलू. ज्या मुलीच्या जन्माची ही गोष्ट, तिला मी आवर्जून वेगळा पाठवते. ती आता आजी व्हायला आली आहे. तिला जैनांचं काही ठाऊक नाही. ती उलट विचारते, "मावशी, काय चुकलं तुमचं?" आणि सोबत फोटो पाठवते. ते इंजिन लाँचमधून केव्हाच उतरलं, बरीच वर्षं त्यांच्या विहिरीवर पाणी ओढत होतं, आता परड्यात पडून आहे. गेल्या उन्हाळ्यात जाऊन मी बघून आले. सगळं गंजलं आहे, पण तो पाय जागेवर आहे, आणि चिरेवरचा बिडाचा वळ बोटाला अजून लागतो.

आई आधी गेली. आण्णा तिच्यामागं बरीच वर्षं होते, शेवटी शेवटी खाटेवरून उठणं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या क्षमावाणीला मी सांगलीला गेले. त्यांच्या पाया पडले आणि उत्तम क्षमा म्हटलं. मग इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं बोलले. "आण्णा, पाणी कुणी प्यालं हुतं, ते आईनं मला सांगितलं हुतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "तिला लय तहान लागली हुती गं. सकाळपासनं घागरीकडं बघत हुती. मला दिसत हुतं. मी उठून पानी द्यायचं सोडून बघत बसलो. आन् तुझ्या टायमालाबी तसंच. पट्टी टिकायची न्हाई, हे पयलं भोक पाडतानाच मला ठावं हुतं. भट्टी मीच पेटवायची हुती. मी तुझी वाट बघितली."

मग त्यांनी दोन्ही हात छातीवर आणून जोडले, माझ्याकडं तोंड करून. "उत्तम क्षमा," ते म्हणाले.

मी त्यांचे हात खाली केले, पांघरुणात घातले आणि म्हटलं, "कशाबद्दल?"